गळ्यात अडकवलेला त्रिकोण

हात समोर ताठ धरा आणि अंगठा उभा करा. डावा डोळा मिटून अंगठ्याच्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा विजेचा खांब पाहा. आता अंगठा जराही न हलवता डावा डोळा उघडा आणि उजवा मिटा. काय झाले? अंगठा जागचा हलला नाही, पण मागच्या दृश्यावर त्याने एकदम बाजूला उडी मारली.

ही उडी मोठी उपयोगाची आहे. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते आणि डोळ्यांपासून ताठ धरलेला अंगठा त्याच्या सुमारे दहापट लांब असतो. म्हणून दूरच्या दृश्यावर अंगठा जेवढी उडी मारतो, त्याच्या दहापट ते दृश्य आपल्यापासून लांब असते. समजा, माळापलीकडच्या रस्त्यावर एस.टी.ची गाडी उभी आहे आणि अंगठ्याने तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडी घेतली. गाडीची लांबी १० मीटर धरली, तर ती तुमच्यापासून सुमारे १०० मीटरवर आहे. ना टेप, ना पावले!

दोन जागांवरून पाहिल्यामुळे वस्तू अशी सरकल्यासारखी दिसते, त्याला पराशय म्हणतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८३८ साली याच युक्तीने एका ताऱ्याचे अंतर काढले. त्यांचे ‘दोन डोळे’ म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची दोन टोके, एकमेकांपासून सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर! आपण मात्र आज चार सेंटिमीटरवर भागवणार आहोत. कारण हाच त्रिकोण एका छोट्या डबीत बसवून गळ्यात अडकवता येतो. त्या डबीचे नाव रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे अंतरमापक असलेला कॅमेरा.

माझ्याकडे असा एक जपानी कॅमेरा आहे, १९७०च्या सुमाराचा. तो वडिलांनी घेतला होता. आता तो मी वापरतो. साधारण महिन्याला एक रोल, ३६ फोटो. मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे माझे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर एका फसलेल्या फोटोपासून सुरू होते.

१९९४ साली आमच्या खाडीवर पूल झाला आणि पलीकडे माणसे नेणारी होडी बंद व्हायची ठरली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन धक्क्यावर गेलो. होडीवाले काका दराच्या पाटीपुढे उभे राहिले. उजेड उतरला होता म्हणून मी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले, दोन मीटरवरून अंतर नीट जुळवले आणि त्यांचे सहा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा दिवसा काढलेले सगळे फोटो खणखणीत होते. या सहांत मात्र काकांचा चेहरा धुक्यात आणि पाटीवरचे अक्षर न् अक्षर वाचता येईल इतके स्पष्ट! तरी एक प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाले, “मास्तरांनू, हो फोटो माझो काय पाटयेचो?”

हसून मी वेळ मारून नेली, पण मनातून खजील झालो. होडी तर पुन्हा सुटणार नव्हती. दोन मीटरवर जुळवलेले अंतर चुकले कसे? हे समजून घ्यायचे तर कॅमेऱ्याच्या पोटात डोकावले पाहिजे.

साध्या डबा कॅमेऱ्यात अंतराची काळजीच नसे. एके काळी घरोघर दिसणारा ‘आग्फा क्लिक-३’ आठवा, किंवा आजीला विचारा. छिद्र बारीक आणि भिंग एका जागी पक्के. लांबचे-जवळचे सारे कामचलाऊ स्पष्ट येई. पण कमी उजेडात फोटो काढायचा तर छिद्र मोठे हवे, आणि छिद्र मोठे केले की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ४० मिलिमीटर आहे. त्याचे छिद्र एफ/१.७ इतके उघडे ठेवून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १४ सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे नाकापासून कानापर्यंत! तेव्हा अंतर अचूक कळलेच पाहिजे.

ते कळते असे. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण सरळ समोर पाहतो. तिच्यामागे तिरपा बसवलेला अर्धपारदर्शक आरसा असतो. तो समोरचा प्रकाश आरपार येऊ देतो आणि बाजूने आलेला प्रकाश आपल्या डोळ्याकडे वळवतो. दुसऱ्या, छोट्या खिडकीमागे आणखी एक आरसा असतो आणि तो किंचित फिरू शकतो. दुसऱ्या खिडकीतले दृश्य या फिरत्या आरशावरून अर्धपारदर्शक आरशावर आणि तिथून डोळ्यात येते. त्यामुळे दृश्याच्या मध्यभागी एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. एक माणूस, दोन नाके!

आता भिंगाचे कडे फिरवा. भिंग पुढे-मागे होते आणि त्याला जोडलेली तरफ तो आरसाही फिरवते. पिवळ्या चौकोनातली दुसरी प्रतिमा हळूहळू सरकत पहिलीवर येते. दोन्ही नाके एकावर एक बसली, की भिंग नेमके त्या माणसाच्या अंतरावर जुळले. दोन खिडक्यांमधले अंतर हा त्रिकोणाचा पाया, समोरचा माणूस हा शिरोबिंदू आणि आरशाचे फिरणे म्हणजे कोनाचे मोजमाप. भूमितीच्या तासाला तुम्ही एक बाजू आणि दोन कोन यांवरून त्रिकोण काढता ना? इथे एक कोन काटकोन आहे, पाया ठरलेला आहे आणि राहिलेला कोन आरसा मोजतो. उत्तर आकड्यात लिहिण्याऐवजी कॅमेरा थेट भिंग सरकवून टाकतो, इतकेच.

माझ्या कॅमेऱ्यात पाया सुमारे ४ सेंटिमीटरचा आहे. म्हणून १ मीटरवरच्या वस्तूशी होणारा कोन सुमारे २.३ अंश, २ मीटरवर १.१५ अंश, १० मीटरवर ०.२३ अंश आणि १०० मीटरवर अवघा ०.०२३ अंश. जवळची अंतरे ओळखणे किती सोपे आणि लांबची किती अवघड, ते यावरून दिसते. लांबची अंतरे अचूक हवी असतील तर पाया वाढवावा लागतो. युद्धनौकांवर तोफांसाठी असे अंतरमापक असत. ग्लासगोच्या बार आणि स्ट्राउड यांची या कामात मोठी ख्याती होती, आणि १९४१ साली नौदलात दाखल झालेल्या ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवरच्या अंतरमापकाचा पाया १५ मीटर होता. एका वर्गखोलीहून लांब! फोटो काढणाऱ्याला एवढी हाव नको. लांबच्या वस्तूसाठी भिंग अगदी थोडेच सरकवावे लागते आणि तिथे स्पष्टतेचा पट्टाही रुंद असतो, त्यामुळे छोट्या पायावर चालून जाते.

आता माझ्या चुकीकडे वळू. फोटो बिघडले त्या आठवड्यात आकाश निरभ्र होते. एका रात्री मी कडे अनंत अंतराच्या खुणेवर आणून कॅमेरा चंद्राकडे रोखला. चंद्र आपल्या हिशेबाने अनंत अंतरावरच, म्हणजे दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसायला हव्या होत्या. पण मला दिसले दोन चंद्र, अर्धे एकमेकांवर चढलेले! कडे त्यापुढे जाईना आणि चंद्र काही जुळेनात.

चंद्राचा व्यास आकाशात सुमारे अर्धा अंश दिसतो. म्हणजे माझा कॅमेरा पाव अंश चुकत होता. आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, हे तुम्ही परावर्तनाच्या धड्यात शिकला असाल. तेव्हा आरसा फक्त एक-अष्टमांश अंशाने हलला होता. घड्याळाचा तासकाटा १५ सेकंदांत सरकतो, तेवढाच! काही दिवसांपूर्वी कॅमेरा माझ्याच हातून ओट्यावर पडला होता, त्याचा हा प्रसाद.

आता गणित करून पाहा. २ मीटरवर खरा कोन १.१५ अंश. त्यातून पाव अंश गेला, उरला ०.९ अंश. एवढा कोन सुमारे अडीच मीटरवरच्या वस्तूचा असतो. काका दोन मीटरवर होते आणि पाटी त्यांच्या मागे हातभर अंतरावर, म्हणजे बरोबर अडीच मीटरवर. कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे पाटीचाच फोटो काढला होता. मग दिवसाचे फोटो का बिघडले नाहीत? कारण उन्हात छिद्र एफ/८ किंवा त्याहून बारीक होते. एफ/८ला स्पष्टतेचा पट्टा इतका रुंद असतो की ही चूक त्यात सहज बुडून गेली.

मुंबईत एका जुन्या कारागिरांनी दूरच्या मनोऱ्याकडे रोखून आरशाचा बारीक स्क्रू फिरवला आणि दहा मिनिटांत कॅमेरा सरळ केला. हा स्क्रू घरी फिरवायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. त्यामुळे त्यांचे काम वाढले.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी अंतराचा अंदाज करायचा: “समोरचा माणूस तीन मीटरवर.” मग जुळवून कड्यावरचा आकडा पाहायचा आणि वहीत दोन्ही लिहायचे. पहिल्या महिन्यात माझे अंदाज हास्यास्पद होते. पाच मीटरला तीन म्हणायचो. वर्षभरात पाच मीटरपर्यंतचे अंतर वीतभर चुकीने सांगता येऊ लागले. आज वर्गात शिरताना शेवटचा बाक किती मीटरवर आहे ते न मोजता सांगतो, आणि मुले टेपने पडताळतात. रोज आकडा पुढे ठेवला की नजर शिकते. सगळे आपोआप करणारा कॅमेरा हे शिकवू शकत नाही, कारण तो उत्तर काढतो पण दाखवत नाही.

नजर तयार झाली की आणखी एक युक्ती साधते. ४० मिलिमीटरच्या भिंगाला छिद्र एफ/८ ठेवा आणि कडे साडेसहा-सात मीटरवर लावा. आता सुमारे साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. बाजारात, जत्रेत, एस.टी. स्टँडवर काही जुळवत बसायला नको. कॅमेरा उचलला की फोटो. उजेडाचाही असाच एक जुना नियम आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेळ फिल्मच्या वेगाच्या व्यस्ताएवढा. १०० वेगाच्या फिल्मला साधारण १/१२५ सेकंद. ढग आले, सावली आली, की छिद्र पायरी-पायरीने मोठे करायचे. माझ्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक कधीच बंद पडला आहे. मला त्याची फारशी आठवण येत नाही.

या कॅमेऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यातले ओस्कार बार्नाक यांनी १९१४च्या सुमारास सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाची १८×२४ मिलिमीटरची चौकट त्यांनी दुप्पट केली आणि २४×३६ मिलिमीटरची चौकट रूढ झाली. १९२५ साली हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने बाजारात आला, पण त्यात अंतर अंदाजाने लावावे लागे. अंतरमापक भिंगाला जोडण्याची कल्पना १९१६ साली कोडॅकच्या एका मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यात आली होती. छोट्या कॅमेऱ्यांत ती १९३२ साली ‘लायका-२’ आणि ‘कॉन्टॅक्स’ यांनी आणली. १९५४चा ‘लायका एम३’ तर अनेकांना अजून सर्वांत सरस वाटतो. त्याचा पाया ६८.५ मिलिमीटर आणि खिडकीतले दृश्य ०.९१ पट. गुणाकार करा: सुमारे ६२ मिलिमीटर. आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढेच की हे! रशियात ‘झोर्की’, युक्रेनमध्ये ‘फेड’ आणि ‘कीव्ह’, तर जपानमध्ये १९६१ पासून ‘कॅनोनेट’ आणि १९६६ पासून ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ असे कितीतरी कॅमेरे निघाले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ लायका घेऊन जगभर हिंडले. ३० जानेवारी १९४८ रोजी ते दिल्लीत गांधीजींना भेटले होते. त्यानंतर थोड्याच वेळाने गांधीजींची हत्या झाली. पुढच्या दिवसांतली शोकाकुल दिल्ली त्यांच्या फोटोंत आहे.

अशा माणसांना हाच कॅमेरा का आवडे? एक कारण त्याच्या रचनेत आहे. भिंगातूनच पाहायच्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो आणि फोटो निघण्याच्या क्षणी तो वर उडतो. नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराला अंधार दिसतो. रेंजफाइंडरची खिडकी भिंगापासून वेगळी, त्यामुळे तो क्षण डोळ्यांदेखत घडतो. शिवाय खिडकीत फोटोची चौकट रेषेने दाखवलेली असते आणि तिच्या बाहेरचेही थोडे दिसते. सायकलवाला चौकटीत शिरण्याआधीच तुम्हांला दिसतो. आवाज म्हणाल तर माझ्या कॅमेऱ्याचा ‘टिक्’ एवढाच. दारातली चिमणीही उडत नाही.

याच वेगळ्या खिडकीने फजितीही होते. भिंगावरचे झाकण काढायचे राहिले तरी खिडकीतून सगळे छान दिसते! मी एकदा स्नेहसंमेलनाचे अकरा फोटो झाकणाचे काढले आहेत.

लांबच्या पल्ल्याच्या भिंगांना हे कॅमेरे उपयोगी नव्हते. १९५९ साली ‘निकॉन एफ’ आल्यावर आरशाच्या कॅमेऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पण त्रिकोण काही गेला नाही. १९७७ साली आलेल्या पहिल्या आपोआप जुळणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यातही दोन खिडक्यांतल्या प्रतिमांचीच तुलना होई, फक्त डोळ्याऐवजी विजेवर. आजच्या पुष्कळ मोबाइलांत भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेल्या प्रतिमा अशाच ताडून पाहिल्या जातात. पाया काय तो काही मिलिमीटरांचा.

फिल्मचे सुख निराळे. जिलेटिनच्या थरातल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर प्रकाश पडला की चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात. ही सुप्त प्रतिमा कशानेही दिसत नाही. डेव्हलपर मात्र असा स्फटिक ओळखतो आणि तो सबंध चांदीचा करून टाकतो. न बदललेले स्फटिक हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून काढतो. त्याचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली शोधला होता. हे काम साधारण २० अंश सेल्सिअसला करायचे असते आणि आपल्या नळाचे पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या वर! गरम पाण्यात डेव्हलपिंग भराभर उरकते आणि जिलेटिन मऊ पडते. देशावर माठाचे पाणी बरेच काम करते. आमच्याकडे कोकणात हवाच दमट, बाष्पीभवन मंद, म्हणून माठात बर्फाचे खडे टाकावे लागतात. रसायने हाताळताना मोठे माणूस जवळ असू द्या आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मिळत. तो कारखाना आता बंद झाला. परदेशी रोल मिळतात, पण एकाला काही शे रुपये पडतात. म्हणून ३६ फोटो म्हणजे ३६च. बोट दाबण्यापूर्वी माणूस दोनदा पाहतो.

होडीवाले काका पुढे मुलाकडे मुंबईला राहायला गेले. १९९६च्या मे महिन्यात त्यांच्या चाळीत जाऊन मी गॅलरीत त्यांचा फोटो काढला. त्या वेळी अंतर जुळवले आणि शिवाय टेपनेही मोजले, दोन मीटर. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या मोजता येतात असा तो फोटो आहे. पाणी आणि होडी मात्र त्यात नाही.

तुमच्या घरी माळ्यावर असा कॅमेरा असेल तर आधी त्याला कातड्याच्या पिशवीतून बाहेर काढा. कातडे ओल धरते आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते; त्याला कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कॅमेरा सूर्याकडे रोखून ठेवू नका. काही जुन्या कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते आणि मध्ये आरसा नसल्याने भिंग त्याला उन्हाने भोक पाडते. सूर्याकडे खिडकीतून पाहायचे तर नाहीच. मग एखाद्या चांदण्या रात्री कडे अनंतावर लावून चंद्र पाहा. पिवळा चौकोन दिसत नसेल तर खिडक्यांची काच मऊ कापडाने हलकेच पुसा. दोन चंद्र दिसले तर किती सरकले आहेत ते चंद्राच्या व्यासात मोजा, आरसा किती अंश हलला ते काढा आणि कॅमेरा जाणत्या कारागिराकडे न्या. एकच दिसला तर रोल भरा.